जुनी गाडी स्टार्ट होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं कार्बोरेटर आणि पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क असलेल्या) गाड्यांपासून सुरुवातीच्या इंजेक्शनच्या गाड्यांपर्यंतची आहेत. डिझेलला वेगळा प्रश्न दिला आहे. साधा डिजिटल मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प, प्लग पाना, १० आणि १३ चे पाने, सँडपेपरचा तुकडा आणि किल्ली फिरवायला एक माणूस एवढं हाताशी असलं तर बहुतेक तपासण्या घरच्या घरी होतात.

गाडी स्टार्ट होत नाहीये. बघायला सुरुवात कुठून करू?

बॉनेट उघडण्याआधी नीट ऐका. “स्टार्ट होत नाही” या तीन शब्दांत दोन अगदी वेगळी दुखणी असतात. एकात सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, इंजिनाला फिरवतच नाही. दुसऱ्यात सेल्फ इंजिन छान फिरवतो, पण इंजिन पेट घेत नाही. पहिलं दुखणं बॅटरी, वायरी, स्विच आणि सेल्फ यांच्यात असतं. दुसरं करंट (प्लगची ठिणगी), इंधन किंवा कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरमधल्या दाबात). सेल्फ फिरतच नसेल तर प्लग काढून उपयोग नाही, आणि इंजिन जोरात फिरत असेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो.

म्हणून एकदाच, शांतपणे किल्ली फिरवा. काहीच आवाज नाही, एकच ‘टक्’, भराभर ‘टकटकटकटक’, सेल्फचा नुसताच ‘घुर्रर्र’ पण इंजिन स्थिर, की इंजिन फिरतंय पण पेटत नाही? यातलं कोणतं, ते ठरवा आणि खाली त्या प्रश्नावर जा.

भराभर टकटक होते. सेल्फ गेला का?

बहुधा नाही. हा आवाज जवळजवळ नेहमी अशक्त बॅटरीचा किंवा ढिल्या टर्मिनलचा असतो. सेल्फवरच्या सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. किल्ली फिरवली की ओढणारी कॉइल पिनियन (इंजिनाला फिरवणारं सेल्फचं छोटं दातेरी चाक) पुढे ढकलते आणि जाड संपर्क जोडते. संपर्क जुळला की सेल्फ एकदम शंभर-दोनशे अँपिअर मागतो. बॅटरीत तेवढा दम नसला तर व्होल्टेज कोसळतं, धरून ठेवणाऱ्या कॉइलचा हात सुटतो आणि संपर्क उघडतो. भार गेल्यामुळे बॅटरी पुन्हा सावरते, पुन्हा ओढते, पुन्हा कोसळते. सेकंदाला कितीतरी वेळा हेच चालतं, आणि ती टकटक आपल्याला ऐकू येते.

आधी टर्मिनल हाताने पिळून बघा. हाताने जरा जरी हललं तर ते ढिलं आहे. पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून ओता. फसफस थांबली की धुवा, टर्मिनल काढून आतली बाजू आणि बॅटरीचा खांब दोन्ही सँडपेपरने चकचकीत करा. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. सगळं घट्ट झाल्यावर वरून थोडं ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा. संपर्काच्या पृष्ठभागांमध्ये मात्र ते भरू नका.

मीटरवर १२ व्होल्ट दाखवतं, म्हणजे बॅटरी चांगली ना?

नाही. १२ व्होल्ट म्हणजे बॅटरी जवळपास रिकामी. पूर्ण भरलेली, काही तास शांत राहिलेली बॅटरी १२.६ च्या पुढे दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. नुकतीच चार्ज केलेली बॅटरी खोटं बोलते, तेव्हा एक-दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

खरी परीक्षा भाराखाली होते. मीटरच्या पिना बॅटरीच्या खांबांवर टेकवा, वायरीच्या टर्मिनलवर नको, आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. सेल्फ फिरत असताना ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. चार्ज करूनही तसंच कोसळत असेल तर बॅटरी संपली. कडक थंडीत यापेक्षा थोडं कमी चालतं. विश्रांतीत मीटर सतत १०.५ च्या आसपास अडकून राहत असेल तर सहापैकी एक सेल मेला आहे. एका सेलचे २.१ व्होल्ट वजा करा, हिशोब तिथेच जुळतो. ती बॅटरी कितीही चार्ज केली तरी उठत नाही.

हेडलाइट लावून बॅटरी तपासतात ती कशी?

मीटर नसताना ही युक्ती उत्तम, आणि मी अजूनही मीटरच्या आधी हीच वापरतो. अंधारात गाडी भिंतीकडे तोंड करून असेल तर आणखी छान. हेडलाइट लावा, किल्ली स्टार्टवर फिरवा आणि भिंतीवरचा उजेड बघा. उजेड पार विझला तर बॅटरी किंवा तिचं टर्मिनल. उजेड तसाच राहिला आणि सेल्फ गप्प, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही. स्विच, रिले, बारीक वायर किंवा सोलेनॉइड बघा. उजेड बऱ्यापैकी मंदावला पण इंजिन हललं नाही, तर करंट सेल्फमध्ये जातोय आणि तिथेच अडकलाय: सेल्फ जाम, पिनियन अडकलेला किंवा इंजिनच जाम. काही गाड्यांत किल्ली स्टार्टवर गेली की हेडलाइट आपोआप बंद होतात. तुमची गाडी तशी असेल तर आतला छताचा दिवा बघा.

नवी बॅटरी टाकली, सेल्फही दुरुस्त करून आणला. तरी कण्हतच फिरतो. आता काय?

आता अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट. या प्रश्नावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण यात माझे पैसे गेलेत.

माझ्या जुन्या गाडीचा सेल्फ सकाळी रडत फिरायचा. एका गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला सांगितली, बदलली. दोन आठवडे बरं वाटलं, पुन्हा तेच. मग सेल्फचे ब्रश आणि बुश बदलले. पुन्हा तेच. एका संध्याकाळी चार-पाच वेळा सेल्फ मारून बॉनेट उघडलं आणि सहज हात अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला लागला, तर केबल चांगलीच गरम! इंजिन तर सुरूच झालं नव्हतं, मग ही गरम कशी? इंजिन आणि बॉडीला जोडणारी विणलेली अर्थ पट्टी आतून गंजून तुटली होती. सेल्फचा सगळा करंट परतीची वाट शोधत त्या बिचाऱ्या बारीक केबलमधून बॉडीकडे जात होता. पट्टी बदलायला पंधरा मिनिटं लागली.

हे मीटरने पकडता येतं, आणि नवीन काही विकत घेण्याआधी पकडायला हवं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. चांगल्या अर्थिंगवर ०.२ व्होल्टच्या आत दिसलं पाहिजे. माझ्या गाडीवर ३ च्या पुढे दिसलं. म्हणजे बारापैकी तीन व्होल्ट त्या गंजलेल्या पट्टीतच जळत होते. हीच तपासणी पॉझिटिव्ह बाजूलाही करा: एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. तिथेही ०.२ च्या आसपासच हवं. सोलेनॉइडच्या पुढचा, मोटरकडे जाणारा बोल्ट धरला तर संपर्कांचा तोटा धरून अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

एक लक्षात ठेवा, ही मोजणी करंट वाहत असतानाच खरी. सेल्फ बंद असताना ओहम मोजून काही कळत नाही. शंभर तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी मीटर शून्य ओहम दाखवतो.

एकच जोराचा ‘टक्’ होतो आणि पुढे शांत.

सोलेनॉइडने आपलं काम केलं, मोटर फिरली नाही. बॅटरी आणि अर्थिंग वरच्या पद्धतीने तपासून झालं असेल तर संशय सेल्फवरच. सोलेनॉइडमधले तांब्याचे संपर्क जळून खड्डे पडले असतील, नाहीतर ब्रश झिजले असतील. सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने किंवा पान्याच्या मागच्या बाजूने हलकेच ठोकत असताना कोणी किल्ली फिरवली आणि सेल्फ उचलला, तर बहुधा ब्रश संपत आलेत. हा उपाय नव्हे, घरी पोचण्याची सोय आहे. दहा ठोके चालतात, अकरावा चालत नाही. ठोकण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये आहे आणि हँडब्रेक ओढलाय हे बघा.

पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकला असेल तर इग्निशन बंद करून गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि गाडीला मागे-पुढे हलवा. ‘कट’ असा आवाज येऊन सुटतो. तरी नाही, तर क्रँकच्या पुलीचा बोल्ट मोठ्या पान्याने हाताने फिरवून बघा. इंजिन फिरलं तर बरं. फिरलंच नाही तर जोर लावत बसू नका.

गाडी पाण्यातून गेल्यानंतर बंद पडली असेल आणि आता ‘टक्’ करून थांबत असेल, तर पुन्हा किल्ली फिरवायचीच नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि पाणी दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळे प्लग काढायचे, मग इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचं.

लाइट झक्क आहेत, हॉर्न वाजतो, पण किल्ली फिरवल्यावर टक् सुद्धा नाही.

सोलेनॉइडवर एक बारीक वायर येते. किल्ली स्टार्टवर असताना तिथे टेस्ट लॅम्प लावा. पेटला तर सोलेनॉइड खराब. नाही पेटला तर मागे मागे जायचं: स्टार्टर रिले, क्लचचा स्विच, ऑटोमॅटिक असेल तर गिअरच्या दांड्याचा न्यूट्रल स्विच, आणि शेवटी इग्निशन स्विच. ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’ ऐवजी ‘न्यूट्रल’मध्ये टाकून बघा. त्यात सुरू झाली तर काम सोपं झालं. इग्निशन स्विच झिजला असेल तर किल्ली थोडी हलवत फिरवल्यावर कधीतरी उचलतो. असा ‘कधीतरी’ वाढत जातो.

दुसऱ्या गाडीवरून जंप देताना वायरी कुठल्या क्रमाने लावायच्या?

लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. ती ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी नको. पाच मिनिटं चांगली गाडी चालू ठेवा आणि मग सेल्फ मारा. काढताना उलटा क्रम.

फार जुनी गाडी असेल तर त्याआधी बॅटरीकडे नीट बघा. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ (बॉडीला बॅटरीचं पॉझिटिव्ह जोडलेलं) असे, आणि फोक्सवॅगन बीटल त्या दशकात बराच काळ ६ व्होल्टवर होती. अशा गाडीला १२ व्होल्टची जंप म्हणजे बल्बांची होळी.

धक्का मारून सुरू केली तर चालेल का?

मॅन्युअल गिअरची, कार्बोरेटरची गाडी असेल तर बिनधास्त. इग्निशन चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडी चालत्या माणसाच्या वेगापेक्षा जरा जास्त पळू लागली की क्लच झटकन सोडा आणि इंजिन पेटताच पुन्हा दाबा. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. बॅटरी पार शून्य असेल तर अल्टरनेटरच्या गाडीलाही उपयोग होत नाही, कारण अल्टरनेटरला जागं व्हायलाच थोडा करंट लागतो. जुन्या डायनॅमोत उरलेलं चुंबकत्व असतं, म्हणून त्या गाड्या या बाबतीत निबर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीला लांबवर धक्के मारत राहू नका, न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो तापतो. आणि इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर काम करत नाही, तेव्हा उतारावर पेडल दगडासारखं लागेल हे मनाशी धरूनच गाडी सोडा.

माझ्या गाडीला इंजिन हाताने फिरवायच्या हँडलचं भोक आहे. वापरू का?

वापरा, पण अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मूठ वळवून हँडलभोवती नको. आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. इग्निशन पुढे असेल, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडत असेल, तर इंजिन उलटा झटका देतं आणि मूठ आवळलेली असली तर मनगट जातं. १९१२ च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ आला, तोपर्यंत असे हात मोडणं ही गाडीवाल्यांची नेहमीचीच गोष्ट होती.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेटत नाही. करंट बघू की पेट्रोल?

ज्याची तपासणी सोपी ते आधी, म्हणजे करंट. एक जास्तीचा, चांगला प्लग जवळ ठेवा. कुठल्याही प्लगची वायर काढून या प्लगला लावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकेल असा ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरू नका, रबराच्या मुठीच्या पकडीत धरा किंवा क्लिपने अडकवा. निळी, कडकडीत, ऐकू येणारी ठिणगी हवी. पिवळट, मंद, मधूनच चुकणारी ठिणगी उघड्या हवेत दिसली तरी सिलिंडरमधल्या दाबाखाली ती मरते. आसपास पेट्रोल सांडलेलं नसावं हे सांगायला नको, तरी सांगतो.

पेट्रोलसाठी एअर क्लीनर काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या घशात टॉर्चने बघा आणि हाताने थ्रॉटल ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली पाहिजे. दिसली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे. काही साध्या कार्बोरेटरांत ही पिचकारी मारणारा पंपच नसतो. त्यांच्यासाठी एक पळी पेट्रोल घशात ओतायचा सल्ला लोक देतात. मी देणार नाही. बॅक मारला, म्हणजे कार्बोरेटरमधून उलटा भडका उडाला, तर ज्वाला थेट तोंडावर येते. त्यापेक्षा पाच-सहा वेळा सेल्फ मारून एक प्लग काढा आणि हुंगा. ओला आणि वासाचा असेल तर पेट्रोल येतंय, कोरडा खटखटीत असेल तर येत नाही.

करंट अजिबात नाही. आता?

डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगांना करंट वाटून देणाऱ्या डब्याच्या) कॅपची मधली जाड वायर काढा, तिचं टोक इंजिनापासून ५-६ मिलिमीटरवर धरा, अर्थात रबराच्या पकडीने, आणि सेल्फ मारा. इथे ठिणगी आली पण प्लगला येत नाही, तर दोष कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरणारा तुकडा) किंवा वायरींत. कॅप उलटी करून उजेडात तिरकी धरा. आतून पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका पितळी टोकापासून दुसऱ्याकडे गेलेली दिसली, तर तो कार्बनचा रस्ता झालाय. करंट त्याच वाटेने पळतो. घासून ती रेघ जात नाही, कॅप बदला.

मधल्या वायरलाही ठिणगी नाही, तर इग्निशनची कॉइल (ठिणगीचं मोठं व्होल्टेज तयार करणारी) आणि पॉइंट. टेस्ट लॅम्प कॉइलच्या निगेटिव्ह टोकाला लावून सेल्फ मारा. दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करतायत, मग कॉइल किंवा मधली वायर बघा. दिवा सतत पेटलेला राहिला तर पॉइंट जोडलेच जात नाहीत: मळ, तेल किंवा गॅप. पेटलाच नाही तर कॉइलला करंट पोचत नाही, किंवा पॉइंट अर्थ होऊन बसलेत. पॉइंटवर राखाडी टवका आणि समोर खड्डा दिसला तर कंडेन्सरकडे संशयाने बघा. पॉइंट बारीक पॉलिशपेपरने घासा, मग कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढून भुकटी काढा. गॅप बहुतेक गाड्यांत ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा.

रोटर काढल्यावर पुन्हा बसवायला विसरणं ही माझी खासियत आहे. दोनदा झालंय. करंट नाही म्हणून अर्धा तास शोधलं, रोटर बॅटरीवर ठेवलेला.

किल्ली स्टार्टवर असेपर्यंत इंजिन पेटतं, सोडली की लगेच बंद.

हे लक्षण फार बोलकं आहे. अनेक जुन्या गाड्यांत कॉइलला एरवी बॅलास्ट रेझिस्टरमधून कमी व्होल्टेज मिळतं आणि फक्त सेल्फ मारताना थेट बॅटरीचं. रेझिस्टर तुटला की थेट वाट चालू राहते, नेहमीची बंद. दुसरा संशय इग्निशन स्विचच्या ‘चालू’ जागेचा. किल्ली मागे आलेल्या स्थितीत कॉइलच्या पॉझिटिव्हला टेस्ट लॅम्प लावून बघा. पेटला नाही तर त्या दोघांपैकीच एक.

दमट हवेत सकाळी सुरू होत नाही, ऊन चढलं की होते.

कॅप, वायरी आणि कॉइलचं तोंड कोरड्या फडक्याने पुसा, कॅप आतूनही. तेवढ्याने झालं तर वायरी जुन्या झाल्या आहेत. रात्री इंजिन चालू ठेवून अंधारात बॉनेट उघडा आणि स्प्रेच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. निळे किडे पळताना दिसतील, नेमके जिथे इन्सुलेशन गेलंय तिथेच. हात लांब ठेवा.

पेट्रोल ओव्हर झालंय असं वाटतं. वास येतोय.

अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबा आणि दाबलेलाच ठेवा. पंप करायचं नाही, प्रत्येक दाबाला आणखी पिचकारी जाते. चोक पूर्ण आत. सेल्फ दहा सेकंद मारा. हवा भरभरून जाते आणि प्लग कोरडे होतात. इंजिन फटफटलं की पाय हळूहळू उचला. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांतही हीच युक्ती चालते, कारण पेडल पूर्ण दाबलेलं असेल तर सेल्फ मारताना कॉम्प्युटर इंजेक्टर बंद ठेवतो. तरी नाही तर प्लग काढून पुसा. दर दहा सेकंदांनंतर सेल्फला अर्धा-एक मिनिट विश्रांती द्या, तो तासभर फिरायला बनवलेला नाही.

थंड असताना पहिल्या सेल्फला. गरम झाल्यावर थांबवली की पुन्हा पेटत नाही.

इंजिन बंद केल्यावर पंखा आणि पाणी थांबतं, उष्णता मात्र ब्लॉकमध्ये असते. पुढची दहा-वीस मिनिटं बॉनेटखाली चालत्या गाडीपेक्षा जास्त गरम असतं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून घशात ओघळतं, म्हणजे पेट्रोल ओव्हर, किंवा पंप आणि पाइपमध्ये वाफ अडकते, म्हणजे पेट्रोल नाही. कॉइल किंवा क्रँक सेन्सरची आतली तार गरम होऊन फाकते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. सेल्फसुद्धा एक्झॉस्टजवळ असेल तर गरमीत जड होतो.

म्हणजे दुखणी चार, आणि थंड झाल्यावर सगळी गायब. यावर एकच इलाज: सुरू न होण्याच्या त्याच क्षणी करंट तपासा. प्लग आणि पाना गाडीतच ठेवा. ठिणगी नसेल तर कॉइल किंवा सेन्सर. ठिणगी असेल आणि वास येत असेल तर पेडल अर्धं दाबून न पंप करता सेल्फ मारा. वास नसेल तर गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटांत वाफ बसते.

इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल येतंय का ते कसं कळणार?

किल्ली चालू केली, स्टार्ट नव्हे, की मागच्या सीटखालून किंवा टाकीतून साधारण दोन सेकंद ‘झ्झ्झ’ ऐकू येतं. नाही आलं तर पंपाचा फ्यूज आणि रिले. शेजारचा तसाच, म्हणजे हॉर्नचा वगैरे, रिले तिथे लावून बघता येतो. पिना आणि नंबर जुळत असतील तरच. पंप वाजतो पण दाब नाही असंही होतं. मल्टिपॉइंट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत तो साधारण २.५ ते ३.५ बार असतो आणि मोजायला गेज लागतो. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह भराभर लुकलुकत असेल तर आधी दुसरी किल्ली वापरून बघा, इमोबिलायझरने (किल्ली ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेने) गाडी अडवलेली असू शकते.

सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सुसाट फिरतं. एकसारखा आवाज येतो.

थांबा. पुन्हा सेल्फ मारू नका. टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी आहे. निरोगी इंजिनाचा सेल्फ ‘रुं-रुं-रुं’ असा लयीत वाजतो, प्रत्येक दाबाला थोडा अडतो. दाबच नसला तर ती लय जाते. डिस्ट्रिब्यूटर कॅमवर चालत असेल तर कॅप काढून इंजिन क्रँकच्या बोल्टने हाताने थोडं फिरवा. रोटर जागचा हलला नाही तर निदान झालं. अनेक इंजिनांत अशा वेळी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात, म्हणून हळू, आणि अडलं की तिथेच सोडा.

बेल्ट ठीक असेल तर कॉम्प्रेशन मोजा. बहुतेक जुन्या पेट्रोल इंजिनांत ते ९ ते १२ बारच्या आसपास असतं, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. शेजारशेजारचे दोनच कमी असतील तर हेड गॅस्केट. एका सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

प्लगच्या वायरी काढून लावल्या, आता कार्बोरेटरमधून बॅक मारते.

वायरी अदलाबदल झाल्या. चार सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांचा क्रम १-३-४-२ असतो, पण सगळ्यांचा नाही. पुढच्या वेळी काढण्याआधी फोटो काढा.

वर्षभर उभी असलेली गाडी आहे. लगेच सेल्फ मारू का?

नको. प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाका, काही तास मुरू द्या, मग इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवा. टाकीतलं पेट्रोल हुंगा. आंबट, रंगाच्या वॉर्निशसारखा वास आला तर ते काढूनच टाका, त्याने जेट चिकटतात. रबराचे पाइप दुमडून बघा, भेगा दिसल्या तर इंजिन पेटण्याआधी बदला. एअर क्लीनरच्या डब्यात आणि एक्झॉस्टच्या तोंडात उंदराचं घर नाही ना तेही.

डिझेल गाडी आहे. यातलं काय लागू पडतं?

सेल्फ, बॅटरी, अर्थिंग सगळं लागू, उलट जास्तच, कारण डिझेलला पेटायला दाबाची उष्णता लागते आणि हळू फिरणारं इंजिन ती तयारच करत नाही. करंटचे प्रश्न विसरा. एक्झॉस्टकडे बघा. सेल्फ मारताना पांढरा धूर निघत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही: हिटर प्लग किंवा कॉम्प्रेशन. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही.

धूर नसताना आधी पंपावरचा डिझेल बंद करायचा सोलेनॉइड बघा. किल्ली चालू-बंद केली की तिथे ‘टक्’ व्हायला हवा. मग एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपांत अडकलेली हवा. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. एअर पुन्हा पुन्हा घेत असेल तर टाकी ते पंप यामधला कुठला तरी जोड हवा ओढतोय, तिथे ठिबकताना दिसेलच असं नाही. इंजेक्टरच्या पाइपचं नट सैल करून बघताना हात आणि चेहरा लांब. तो दाब कातडीच्या आत डिझेल घुसवू शकतो.

इथर असलेला स्टार्टिंग स्प्रे हिटर प्लगच्या डिझेलला कधीच मारू नका.

जंप दिली की लगेच सुरू होते, पण दोन दिवस उभी राहिली की पुन्हा डाऊन.

आधी चार्जिंग. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. तेवढे असतील तर उभ्या गाडीत काहीतरी बॅटरी पितंय. दारं, डिकी बंद, किल्ली बाहेर. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मीटर १० अँपिअरवर ठेवून मध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडला त्या सर्किटमध्ये चोर. एकाही फ्यूजने पडला नाही तर अल्टरनेटरची वायर काढून बघा, त्याचा डायोड गळत असेल.

हिशोब साधा आहे. ५ वॉटचा छोटा दिवा सुमारे ०.४ अँपिअर घेतो. ४५ अँपिअर-तासाची चांगली बॅटरी त्याने पाच दिवसांत पार रिकामी होते, आणि सेल्फ उचलायचा दम त्याच्या बराच आधी जातो. डिकीतला किंवा ग्लोव्हबॉक्समधला दिवा झाकण लावल्यावर विझतो की नाही हे बाहेरून दिसत नाही. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा, मोबाइल डिकीत ठेवा, झाकण लावा, दहा सेकंदांनी काढून बघा.